लुआरकाठची सायकल टूर: बॅगेचे पैसे वसूल, बाकीचं बघून घ्या

फ्रान्समध्ये लुआर नदीच्या काठाने सायकलवर शातो (म्हणजे तिकडचे जुने राजवाडे, वाडे) बघत फिरायचं हे कधीपासून डोक्यात होतं, ह्या सप्टेंबरात एकदाचं जमलं. आम्ही चौघं, मी, बायको, मेहुणा आणि त्याची बायको. एका कंपनीचं सेल्फ गाइडेड पॅकेज घेतलं, ६ रात्री, ब्लुआ ते तूर, माणशी साडेनऊशे युरोच्या आसपास. सेल्फ गाइडेड म्हणजे सोबत कोणी नसतं, ते तुम्हाला सायकल, हॉटेलं, नकाशा देतात आणि रोज सकाळी तुमची बॅग उचलून पुढच्या हॉटेलात नेऊन टाकतात. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण असलं पॅकेज विकणारे तिथे बरेच आहेत आणि मला जे सांगायचंय ते त्यातल्या कोणालाही लागू पडेल.

माझ्याकडून ५ पैकी साडेतीन. त्यातले अडीच एकट्या बॅगवाल्याचे.

खरंच सांगतो, रोज सकाळी ९ वाजता रिसेप्शनला बॅगा ठेवायच्या आणि संध्याकाळी घामाघूम होऊन पोचलं की त्या खोलीत आधीच हजर, हे सुख सायकल टूरमध्ये काय असतं ते ३ किलोच्या वर वजन लादून चढ चढलेल्या माणसालाच कळेल. सहा दिवसांत एकदाही चूक नाही, एकदाही उशीर नाही. सायकलवर फक्त पाणी, रेनकोट आणि खाऊ.

पण नकाशा आणि ॲप, ज्याचं वेबसाइटवर एवढं कौतुक केलेलं असतं, त्याचे पैसे द्यायची मला तरी गरज वाटली नाही. 'लुआर आ वेलो' हा साधारण ९०० किलोमीटरचा सायकल मार्ग आहे, तो पुढे अटलांटिक समुद्रापर्यंत जातो आणि युरोव्हेलो ६ ह्या युरोपभर जाणाऱ्या मोठ्या मार्गाचाच एक तुकडा आहे. जिथे वळायचं तिथे पांढरी-हिरवी पाटी असतेच. पहिल्या दिवशी मी ॲप चालू ठेवून कानात इअरफोन घालणार होतो तर मेहुणा म्हणाला, "दाजी, इथे सायकल चालवताना इअरफोन चालत नाहीत, दंड होतो." नियम बघितला तर खरंच तसा आहे. मग फोन खिशात गेला तो गेलाच, पाट्या बघत गेलो आणि सहा दिवसांत दोनदाच चुकलो, तेही गप्पांच्या नादात.

पॅरिसच्या ऑस्टरलिट्झ स्टेशनवरून दीडेक तासात ब्लुआ. सायकली हॉटेलच्या मागच्या शेडमध्ये लावून ठेवलेल्या, आमच्या तिघांच्या साध्या ट्रेकिंग सायकली, ८ गिअरच्या, आणि बायकोला जास्तीचे पैसे भरून ई-बाईक. सायकली जड पण दणकट, मडगार्ड, कॅरिअर, लाइट, घंटी सगळं व्यवस्थित. सीट मात्र दगड. जेलचं कव्हर सोबत न्या, ह्यावर चर्चा नको. आणि ई-बाईकबद्दल माझं मत बदललं हेही कबूल करतो, आधी मी तिला जरा हसलो होतो, तिसऱ्या दिवशी उलट्या वाऱ्यात ती गुणगुणत पुढे निघून गेली आणि मी मागे मान खाली घालून पायडल मारतोय. तिकडे वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून येतो आणि हे सगळे पॅकेजवाले तुम्हाला पूर्वेकडून पश्चिमेकडे पाठवतात! ब्लुआ ते तूरच्या ऐवजी तूर ते ब्लुआ मिळत असेल तर विचारून बघा.

रस्ता कसा आहे म्हणाल तर नदीच्या बांधावरून एकदम सपाट, एका बाजूला लुआर, तिच्यात वाळूची बेटं, बगळे, दुसऱ्या बाजूला शेतं. पण शातो सगळे नदीवर नाहीत, त्यामुळे नदी सोडली की लगेच चढउतार सुरू. मोठा घाट असा नाही, पण चढ, उतार, परत चढ, द्राक्षाचे मळे, जंगल, परत चढ. जांघा बोलतात.

शांबोर दुसऱ्या दिवशी. १५१९ मध्ये राजा पहिल्या फ्रान्स्वाने बांधायला घेतला, शिकारीसाठी म्हणे, आणि शिकारीच्या ह्या बंगल्याला चारशेच्या वर खोल्या. भोवतालच्या जंगलाला ३२ किलोमीटरची भिंत आहे, सायकलने त्या भिंतीतून आत शिरल्यावरसुद्धा शातो दिसायला बराच वेळ लागतो, आणि मग झाडी संपते आणि धाडकन समोर ते छपरावरच्या बुरुजांचं आणि धुराड्यांचं जंगल. गाडीने येणाऱ्यांना हे मिळत नाही, ते पार्किंगमधून चालत येतात. आत तो प्रसिद्ध दुहेरी जिना आहे, दोन जिने एकमेकांभोवती पिळलेले, एकाने चढणारा आणि दुसऱ्याने उतरणारा ह्यांची गाठच पडत नाही, फक्त मधल्या खिडक्यांतून एकमेकांना दिसतात. आम्ही नवरा-बायको मुद्दाम वेगवेगळ्या जिन्यांनी चढलो, प्रत्येक वळणावर ती खिडकीतून हात करायची आणि मी "अगं थांब की" म्हणायचो, वर पोचेपर्यंत मागचे लोक वैतागले. एवढं सगळं बांधून राजा आयुष्यात तिथे राहिला किती तर जेमतेम ७२ दिवस.

आता तक्रार. तिसऱ्या दिवशी कंपनीने सकाळी शव्हर्नी आणि संध्याकाळपर्यंत आंब्वाज असं बसवलं होतं, जवळजवळ ६० किलोमीटर आणि वर शातो बघायचा. शव्हर्नीत शिकारी कुत्र्यांचा मोठा कळप आहे, शंभरेक कुत्री, सगळी एका छापाची, ती बघत आमचा तास गेला, शातो धावत बघितला आणि निघालो. आंब्वाजच्या अलीकडे २० किलोमीटरवर माझं पुढचं चाक बसलं. काही हरकत नाही, किट दिलंय. चाक काढलं, टायर उपसला, कंपनीची नवी ट्यूब काढली तर तिचा व्हॉल्व जाड, मोटारसायकलला असतो तसा, आणि रिमचं भोक बारीक व्हॉल्वचं! जाड व्हॉल्व त्या भोकातून जाणं शक्यच नाही. मग पॅच लावू म्हटलं तर सोल्युशनची ट्यूब दाबली आणि आतून नुसती हवा, कधीची वाळून गेलेली.

इमर्जन्सी नंबरला फोन केला, बाई गोड बोलली, म्हणाली दोन तासांत माणूस पाठवते. वार सोमवार, आणि तिकडे लहान गावांत सोमवारी बरीच दुकानं बंद असतात, सायकलचं दुकान उघडं असायचा तर प्रश्नच नाही. आम्ही गावाच्या कडेला बसलो. तेवढ्यात एक म्हातारं डच जोडपं आलं, दोघांच्या सायकलींना चार-चार पिशव्या, न विचारता थांबले. आजोबांनी ट्यूबमध्ये थोडी हवा भरली आणि ती गालाजवळून सावकाश फिरवत नेली, डोळे मिटून, एका जागी थांबले, बोट ठेवलं, तिथेच भोक. पॉलिश पेपरने घासलं, स्वतःचं सोल्युशन लावलं, फुंकर न मारता नुसतंच वाळू दिलं, पॅच दाबला आणि मग टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधून काढला. तो काटा आम्ही काढलाच नव्हता! नवी ट्यूब बसली असती तरी परत पंक्चर झालं असतं. वीस मिनिटांत काम झालं, कंपनीच्या बाईला फोन करून नको म्हणून सांगितलं.

आंब्वाजला दोन रात्री होत्या हे एक बरं. लिओनार्दो दा विंची शेवटची वर्षं इथेच राहिला, क्लो लुसे नावाच्या वाड्यात, १५१९ मध्ये तिथेच गेला आणि शातोच्या आवारातल्या छोट्या चॅपलमध्ये त्याची कबर आहे. आणि ह्याच शातोमध्ये आठवा चार्ल्स राजा १४९८ मध्ये दाराच्या चौकटीवर डोकं आपटून मेला. आतली बुटकी दारं आली की मेहुणा प्रत्येक वेळी "दाजी, डोकं" म्हणून ओरडत होता.

तिथून शनोंसो १५ किलोमीटरच्या आत, आंब्वाजच्या बाहेर पडताना एक चांगला चढ आणि मग जंगलातून मस्त उतार. शनोंसो बघायचंच, बाकी काही सोडलं तरी चालेल. शेर नदीवर (हो, नाव शेर, आम्ही दिवसभर त्यावर विनोद केले) पूल आणि पुलावर ६० मीटरची गॅलरी. पूल दुसऱ्या हेन्री राजाच्या प्रेयसीने, दियान द प्वातिएने बांधून घेतला आणि गॅलरी तिची सवत म्हणावी अशी राणी कॅथरिन द मेदिची हिने. पहिल्या महायुद्धात ह्याच गॅलरीत खाटा टाकून हॉस्पिटल केलं होतं, २ हजारांवर जखमी सैनिक इथून गेले. दुसऱ्या महायुद्धात शेर नदी हीच हद्द, अलीकडे जर्मनांचा ताबा आणि पलीकडे तथाकथित मुक्त फ्रान्स, म्हणजे गॅलरीचं एक दार इकडे आणि दुसरं तिकडे. काळ्या-पांढऱ्या फरशीवरून चालताना हे डोक्यात असेल तर खिडकीतून नुसता फोटो काढून होत नाही, जरा उभं राहायला होतं. आणि एक फुकटची गोष्ट: नदीच्या पलीकडच्या काठावरून तिकीट न काढता अख्खा शातो पाण्यातल्या प्रतिबिंबासकट दिसतो.

खाण्याचं. नाश्ता हॉटेलात, जोरदार. दुपारचं जेवण १२ ते २ ह्या वेळातच मिळतं, सव्वादोनला गेलात तर स्वयंपाकघर बंद, मालक हसून नाही म्हणतो. आम्ही दोनदा उपाशी राहिलो, मग रोज सकाळी बेकरीतून बगेत (तो लांबडा फ्रेंच पाव) घेऊन ठेवायला लागलो. सोबत तिकडचं सांत-मोर नावाचं बकरीच्या दुधाचं चीज, लांबट, राखेत घोळवलेलं, मधून एक गवताची काडी आरपार घातलेली असते. शाकाहारी माणसाचं भागतं पण कंटाळा येतो, बकरीच्या चीजचं सॅलड किती वेळा खाणार. पॅकेजमध्ये रात्रीचं जेवण नाही, शातोंची तिकिटं नाहीत, हॉटेलात माणशी पर्यटक कर वेगळा, हे सगळं बारीक अक्षरात असतं, ते धरून बजेट करा.

आंब्वाज ते तूर मोंलुईच्या मळ्यांतून, द्राक्षांची तोडणी चालू होती, छान दिवस. तूरमधून शेवटच्या दिवशी व्हिलाँद्री आणि पुढे आझे-ल-रिदो असं होतं, आम्ही आझे सरळ सोडलं. व्हिलाँद्रीची बाग बघायला दुपार पुरली नाही, नऊ चौकोनांत लावलेला भाजीपाला, कोबी आणि बीट रांगोळीसारखे रंग जुळवून, आणि फक्त बागेचं वेगळं तिकीट मिळतं. बायको कोबीच्या वाफ्यापुढे अर्धा तास उभी होती. दिवसाला एकच शातो घ्या, कंपनी दोन बसवत असेल तर एक खोडा.

तूरला सायकली परत केल्या. घ्यायला आलेल्या पोराला ट्यूबची सगळी गोष्ट सांगितली, त्याने फार मनापासून सॉरी म्हटलं, फॉर्मवर काहीतरी लिहून घेतलं आणि ती जाड व्हॉल्वची ट्यूब नीट गुंडाळून परत त्याच किटमध्ये ठेवली. तेव्हा सायकल हातात आली की पहिल्यांदा ती पिशवी उघडून बघा.