बंद पडलेल्या प्रकाशकांचा लाँगबॉक्स: आठ महिन्यांनंतर (आणि पिनांबद्दल बरंच काही)

मागच्या शनिवारी ‘नेक्सस’ या कॉमिकचा चौथा अंक उघडला आणि मधली चार पानं सुटून मांडीवर पडली. दोन्ही पिना जागच्या जागी होत्या. त्यांच्याभोवतीचा कागद मात्र गंजानं खाल्ला होता, भोकाच्या कडेनं तपकिरी चहाचा डाग पडावा तसा. हा अंक मी जानेवारीत नीट बघितला होता आणि स्वतःच्या हातानं पिशवीत घातला होता. तेव्हा काही दिसलं नव्हतं, किंवा बॉक्स नवा असल्यामुळे मी बघितलंच नव्हतं. म्हणून हा रिव्ह्यू आत्ता लिहितोय. आठ महिन्यांपूर्वी लिहिला असता तर पाच स्टार देऊन मोकळा झालो असतो.

काय घेतलं ते थोडक्यात. मुख्यतः ऐंशीच्या दशकातल्या अमेरिकन इंडी, म्हणजे छोट्या स्वतंत्र प्रकाशकांच्या, कॉमिक्सचा एक भरलेला लाँगबॉक्स (अंक उभे ठेवायचा लांबट पुठ्ठ्याचा खोका), मोजून २१४ अंक. प्रकाशक पॅसिफिक, कॅपिटल, फर्स्ट, एक्लिप्स, कॉमिको. यातला त्या काळचा एकही धंदा आज उभा नाही. बॉक्स १४० डॉलर, शिपिंग ३८. म्हणजे अंकामागे ८३ सेंट. हा आकडा मी तेव्हा घरात सगळ्यांना ऐकवला होता. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “अरे, रद्दीत घालायच्या वयाचे कागद तू पैसे देऊन आणलेस?” तिला ८३ सेंट समजावून सांगण्यात अर्धा तास गेला.

विक्रेत्याचं नाव घेत नाही. यादीत ‘उत्तम स्थिती, कोरड्या जागी ठेवलेले’ असं लिहिलं होतं. गंजाचे फोटो काढून पाठवले, तर उत्तर आलं की तक्रारीची मुदत ३० दिवस होती. मी लिहिलं, गंज काय ३० दिवसांत चढतो का? त्यावर तो म्हणतो, तेच तर, तुमच्याकडे आठ महिने होते. या युक्तिवादाला मला अजून उत्तर सुचलेलं नाही आणि त्याचाच जास्त राग आहे. शेवटी त्यानं पुढच्या खरेदीवर दहा डॉलर सूट देऊ केली. पुढची खरेदी!

त्या दिवशी रात्री बसून सगळे २१४ अंक पिनांसाठी तपासले. मोबाइलचा टॉर्च आणि भिंग घेऊन. ६१ अंकांना गंज, त्यातले १९ गंभीर. गंभीर म्हणजे मधलं पान ओढलं तर सुटेल असे. मग बारा डॉलरचं आर्द्रता मोजायचं यंत्र आणलं. आमच्या तळघरात ६४ टक्के! तोवर मी बुटांच्या खोक्यांतल्या आणि औषधांच्या बाटल्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्या साठवून बॉक्समध्ये टाकत होतो आणि स्वतःला हुशार समजत होतो. त्या पुड्या एकदा ओलावा पिऊन भरल्या की नुसत्या पडून राहतात, हे कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे थोडा दोष माझाही आहे. पण थोडाच. इतका गंज आठ महिन्यांत चढत नाही, त्याला वर्षं लागतात.

बॉक्स आता झोपायच्या खोलीत कपाटावर आहे. यावर घरात जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही.

आता वाचनाबद्दल. खरी खरेदी त्यासाठीच होती.

पहिले दोन महिने मी अगदी खूश होतो. ‘नेक्सस’ आणि ‘स्टारस्लेयर’ शेजारी ठेवल्यावर एक गंमत लक्षात आली. ‘नेक्सस’चे सहा रंगीत अंक विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनच्या कॅपिटलचे, सातवा फर्स्टचा. ‘स्टारस्लेयर’चे सहा अंक सॅन डिएगोच्या पॅसिफिकचे, सातवा तोही फर्स्टचा. पॅसिफिक आणि कॅपिटल दोघांनीही १९८४मध्ये गाशा गुंडाळला, आणि त्यांची ही पोरं, एक त्याआधीच आणि एक नंतर, शिकागोच्या या एकाच मावशीकडे येऊन राहिली. कव्हरवरचा लोगो बदलतो, गोष्ट त्याच वाक्यापासून पुढे चालू. हे शक्य झालं कारण हक्क लेखक-चित्रकारांकडे होते. पॅसिफिकनं १९८१मध्ये चित्रकार जॅक कर्बीला ‘कॅप्टन व्हिक्टरी’साठी बोलावलं तेव्हा मोठ्या कंपन्यांत अशी पद्धत नव्हती. तिथे पात्र कंपनीचं, चित्रकाराला पानामागे पैसे, आणि नमस्कार.

‘ग्रू’ या विनोदी कॉमिकचं तर विचारूच नका. पॅसिफिकनं छापला, पॅसिफिक बुडालं. मग एक्लिप्सनं एक विशेषांक काढला, तेही पुढे गेलं. त्यानंतर तो मार्व्हलकडे गेला आणि १९९६च्या अखेरीस मार्व्हलनंही दिवाळखोरी जाहीर केली, ते त्यातून वर आले ही गोष्ट वेगळी. ग्रू ज्या जहाजावर चढतो ते बुडतं, हा त्या कॉमिकमधलाच जुना विनोद आहे. बाहेरही तो इतका लागू पडेल असं कुणाला वाटलं नसेल.

तिसऱ्या महिन्यात माझं मत घसरलं. कारण ‘लोन वुल्फ अँड कब’.

याबद्दल आधी मी कौतुकच करत होतो. या जपानी मालिकेचे फर्स्टनं १९८७पासून इंग्रजीत काढलेले हे जाड चौकोनी कण्याचे अंक, सुरुवातीच्यांना फ्रँक मिलरची कव्हरं. कणा गोंदाचा, पिनच नाही! गंजाचा प्रश्नच मिटला, असं मी माझ्या वहीत अधोरेखित करून लिहून ठेवलंय. मग बारावा अंक जरा सपाट उघडला आणि कणा मधोमध कडकन तडकला. गोंद इतका वाळलाय की पानं पत्त्यांसारखी सुटतात. अधोरेखित वाक्य खोडलं. पिन गंजली तरी निदान धरून ठेवते, गोंद एकदम सोडून देतो.

आणि मुळात ती मालिका ४५व्या अंकावर थांबते. १९९१मध्ये फर्स्टच थांबलं. गोष्ट तोवर निम्म्यावरही आलेली नव्हती. पुढे २०००पासून डार्क हॉर्सनं ती २८ खंडांत पूर्ण केली, तेव्हा व्यवहारी माणसानं ते खंड घ्यावेत. मीही तेच घेणार होतो. हिशेब केला, २८ खंडांची किंमत काढली आणि वही मिटली.

आता लोक विचारतील, सगळं पुन्हा छापून आलंय तर जुने अंक कशाला? मीही एप्रिलमध्ये याच मताचा झालो होतो. बॉक्स विकायला काढायचा मजकूरही लिहून ठेवला होता. मग ‘झॉट!’ वाचलं. स्कॉट मॅक्लाउडच्या या मालिकेचे पहिले दहा अंक रंगीत, अकरापासून छत्तीसपर्यंत कृष्णधवल. २००८मध्ये जाडजूड एकत्रित आवृत्ती आली ती फक्त अकरापासूनची. बॉक्समध्ये पहिले दहाच्या दहा होते, आणि पिना स्वच्छ. त्या रात्री मजकूर पुसला.

‘मिरॅकलमॅन’चंही तसंच. पहिल्या अंकावर किंमत ७५ सेंट छापलीय, १९८५ची. आता मार्व्हलनं हे सगळं चकचकीत कागदावर परत काढलंय, पण त्यावर लेखक ॲलन मूरचं नाव नाही. त्यानंच काढायला लावलं, तिथे ‘मूळ लेखक’ एवढंच असतं. माझ्या गंजक्या अंकांवर मात्र नाव ठसठशीत आहे. आठवा अंक उघडलात तर आत मूळ गोष्ट नाहीच, जुनी ब्रिटिश कॉमिक्स परत छापलीत. कारण १९८६च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातल्या ग्वेर्नव्हिलला ‘रशियन रिव्हर’ नावाच्या नदीचा पूर आला, एक्लिप्सच्या ऑफिसात पाणी शिरलं, जुन्या अंकांचा साठा गेला. पुढचा अंक वेळेत जाणं शक्यच नव्हतं, म्हणून असा भरून काढला. पूर एकत्रित आवृत्तीत कुठे दिसणार? इथे तो अंकाच्या जागी अंक म्हणूनच बसलाय. (त्या अंकाच्या दोन्ही पिना गंजलेल्या आहेत. योगायोग असावा.)

पंधरावा अंक बॉक्समध्ये नाही. तो दुर्मिळ आणि महाग; असता तर विक्रेत्यानं बॉक्स १४०ला दिलाच नसता, हे मलाही कळतं. चोविसावा मात्र आहे, १९९३चा, आणि तिथे संपतं. पंचविसावा चित्रांसकट तयार होता, प्रकाशकच उरला नाही. एक्लिप्सची सगळी मालमत्ता १९९६मध्ये २५,००० डॉलरला विकली गेली. ‘मिरॅकलमॅन’ची गोष्ट पुढे सरकायला २०२२ उजाडलं. कॉमिकोच्या ‘मेज’चे पंधरा अंक १९८६मध्ये संपले आणि दुसरा भाग आला १९९७मध्ये, तिसरा २०१७मध्ये. ते दोन्ही कॉमिकोनं काढलेले नाहीत.

आता २७बद्दल सांगतो, कारण ते कळल्यापासून या बॉक्सकडे बघायची माझी नजर बदलली.

बऱ्याच अंकांच्या मागच्या कव्हरवर, वरच्या कोपऱ्यात, पेन्सिलीनं २७ लिहिलंय. सुरुवातीला मला किंमत वाटली. नंतर कळलं की कॉमिक्सच्या दुकानांत नियमित गिऱ्हाइकाचे अंक बाजूला काढून ठेवतात आणि त्यावर त्याचा नंबर टाकतात. २७ नंबरचा एक माणूस होता. पिना तपासल्या त्या रात्री हेही मोजलं. २१४पैकी १३१ अंक त्याचे.

मग त्याची आवडनिवड दिसायला लागली. ‘अमेरिकन फ्लॅग’चे पहिले बारा अंक घेतले आणि सोडला. माझंही तेच झालं असतं. ‘ग्रिमजॅक’ मधेच टाकला, बहुतेक पैशांमुळे, कारण त्याच सुमाराला ‘लोन वुल्फ’ सुरू झालाय आणि तो महाग. ‘झॉट!’ छत्तीसाव्यापर्यंत एकही चुकवला नाही. ‘लोन वुल्फ’ मात्र २९व्या अंकाला सोडला. म्हणजे फर्स्ट बंद पडायच्या आधीच यानं फर्स्ट बंद केलं होतं. त्याच्यासारखी चारशे-पाचशे गिऱ्हाइकं असली तर काय होत असेल, याचा विचार करत मी बराच वेळ बसलो होतो. हा धंदाच तसा होता. दुकानदारानं वितरकाकडून अंक घेतले की ते परत जात नाहीत. न विकलेला माल दुकानदाराच्या बोडक्यावर. म्हणून तो पुढच्या महिन्यात ऑर्डर कापतो, आणि ती कात्री थेट प्रकाशकाच्या गळ्यापर्यंत पोचते.

आणि मग हॅमस्टर्स निघाले.

‘टीनेज म्यूटंट निंजा टर्टल्स’ १९८४मध्ये आले, पहिली छपाई ३,००० प्रतींची. त्या अंकाची किंमत वाढत गेली तसं लोकांना वाटलं की कुठलाही कृष्णधवल पहिला अंक घेऊन ठेवला की मुलीचं कॉलेज निघेल. १९८६मध्ये जो तो टर्टल्सची नक्कल काढत होता. एक्लिप्सनं काढलेल्याचं नाव ‘अडोलेसंट रेडिओॲक्टिव्ह ब्लॅक बेल्ट हॅमस्टर्स’. हे नाव मी बनवलेलं नाही. पुढच्याच वर्षी फुगा फुटला, दुकानांत गठ्ठेच्या गठ्ठे पडून राहिले, वितरकांचे पैसे अडकले, आणि ज्यांचा या नकलांशी काही संबंध नव्हता असे छोटे प्रकाशकही त्यात भरडले गेले.

बॉक्सच्या तळाशी हॅमस्टर्सच्या पहिल्या अंकाच्या चार प्रती आहेत. मी जानेवारीपासून विक्रेत्याला शिव्या देत होतो की भरती म्हणून चार सारखे अंक कोंबलेत. टॉर्च मारून मागचा कोपरा बघितला. चारही प्रतींवर २७.

चारही प्रतींना दुहेरी पिशवी, मागे पुठ्ठा, तोंडाला टेप. बॉक्स आला तेव्हा ‘नेक्सस’ला साधी पिशवीही नव्हती, तो बिचारा वाचून वाचून मऊ झालेला. हॅमस्टर्स मात्र एकदाही उघडलेले नसावेत. पिना अशा की चेहरा दिसेल.

हिशेब पुन्हा केला. नव्या पिशव्या-पुठ्ठे ५१ डॉलर, आर्द्रतेचं यंत्र १२, एकूण २४१. अंकामागे १ डॉलर १३ सेंट. म्हणजे ‘मिरॅकलमॅन’च्या छापील किमतीपेक्षा ३८ सेंट जास्त देऊन मी ते चाळीस वर्षं उशिरा वाचतोय. आईला हा आकडा अजून सांगितलेला नाही.

स्टार साडेतीन. वाचनाला पाच, पिनांमुळे एक कापला, विक्रेत्यामुळे अर्धा. घ्यायचाच असेल तर घेण्याआधी मधल्या पानाचा पिनेसकट फोटो मागा, कव्हरचे फोटो घेऊन काही उपयोग नाही.

‘नेक्सस’ चारची दुसरी प्रत तीन डॉलरला मिळते, शिपिंग वेगळं. नाही घेतली. काल रात्री एका हॅमस्टरच्या दोन्ही पिना लोण्याच्या सुरीनं हलकेच सोडवल्या आणि ‘नेक्सस’ला लावल्या. वरची जुन्या भोकात बरोबर बसली. खालचीसाठी पाव इंच खाली नवं भोक पाडावं लागलं.