महाभूमीच्या सातबारा सेवा: गायरानावर लक्ष ठेवणाऱ्याला कितपत उपयोगी?

महसूल खात्याच्या महाभूमी संकेतस्थळावर लोक सातबारा काढतात तो बहुतेक वेळा जमीन घ्यायची म्हणून नाहीतर पीककर्जासाठी. त्या कामाला ही सेवा उत्तम आहे. इथे ती तपासली आहे गावाच्या सामाईक जमिनीसाठी: गायरान, गुरचरण (दोन्ही गुरं चारायला राखलेल्या), शासकीय पड. शहर पसरतं तेव्हा आधी याच जमिनी जातात, कारण त्यांच्यासाठी भांडायला खातेदार नसतो. 2021 मध्ये पुणे महापालिकेत वाघोली, सूस, नऱ्ह्यासह 23 गावं आली. ग्रामपंचायती गेल्या. गायरानाची मालकी शासनाची होती ती तशीच राहिली, पण रोज बघणारं कुणी उरलं नाही.

विनास्वाक्षरीचा सातबारा फुकट दिसतो. जिल्हा, तालुका, गाव, गट नंबर, मोबाईल नंबर, कॅप्चा, एवढंच. त्यावर ‘केवळ माहितीसाठी’ असा शिक्का असतो. तक्रारीला जोडायचा तर डिजिटल स्वाक्षरीचा, 15 रुपयांचा उतारा घ्या. त्यावर पडताळणी क्रमांक असतो, त्यामुळे कार्यालयात तो अधिकृत म्हणून चालतो.

अडचण पहिल्याच पायरीला येते. गावातल्या सगळ्या शासकीय जमिनी दाखवा, असा पर्यायच नाही. गट नंबर माहीत हवा, नाहीतर नावाने शोधायचं. म्हणून नावाच्या रकान्यांत ‘सरकार’, ‘शासन’, ‘गायरान’, ‘गुरचरण’, ‘ग्रामपंचायत’ हे शब्द एकेक करून टाका. पहिलं नाव, आडनाव, संपूर्ण नाव असे सगळे पर्याय वापरा, कारण नोंद करताना कुणी काय कुठे टाकलं असेल याचा नेम नाही. हे वेळखाऊ आहे आणि त्यातून पूर्ण यादी मिळतेच असंही नाही. शासकीय जमिनींची नोंदवही गाव नमुना 1-ब मध्ये आहेच. ती सातबाऱ्याशेजारी दिसायला हवी होती. ही या सेवेची सर्वांत मोठी उणीव.

उतारा हाती आला की चार ठिकाणी बघा. भूधारणा पद्धती (जमीन कोणत्या हक्काने धरली आहे), क्षेत्र, इतर अधिकाराचा रकाना, आणि तळाशी शेवटच्या फेरफाराचा, म्हणजे नोंदीतल्या बदलाचा, क्रमांक व दिनांक. ‘प्रलंबित फेरफार’समोर ‘नाही’ सोडून काही दिसलं तर तिथेच थांबून चौकशी करा.

मग त्याच गटाचा जुना उतारा काढा. महाभूमीच्याच ‘आपले अभिलेख’ या भागात स्कॅन केलेले जुने सातबारे आणि फेरफार मिळतात, मात्र सगळ्या जिल्ह्यांचं काम सारखं नाही आणि काही पानं वाचवत नाहीत. समजा जुन्यात गुरचरण 14 हेक्टर 20 आर आहे आणि आजच्यात 11 हेक्टर 60 आर. मधल्या 2 हेक्टर 60 आरचा हिशेब कुठल्यातरी फेरफारात लागलाच पाहिजे. तो फेरफार उघडा आणि त्यात कोणत्या आदेशाचा क्रमांक लिहिला आहे ते टिपून घ्या. गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवा, असं सांगणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या जगपाल सिंग निकालानंतर (28 जानेवारी 2011) राज्याने 12 जुलै 2011 च्या शासन निर्णयाने गायरान वाटपावर कडक बंधनं घातली, आणि पुढे जमीन महसूल संहितेत गायरान दुसऱ्या कामाला देण्यावर बंदी घालणारं कलम 22-अ आलं. त्यानंतरचा आदेश असेल तर कोणत्या अपवादाखाली दिला, हा प्रश्न लेखी विचारता येतो. फक्त एक लक्षात ठेवा: फेरफार आदेशावरून होतो. नुसत्या फेरफारावर तक्रार करून आदेश हलत नाही, अपील मूळ आदेशावर करावं लागतं.

‘आपली चावडी’ हा भाग मात्र मनापासून आवडला. पूर्वी चावडीवर चिकटवली जाणारी फेरफाराची नोटीस इथे घरबसल्या दिसते. हरकतीची मुदत 15 दिवसांची, म्हणून दर आठवड्याला एकदा गाव उघडून बघायला हवं. महिन्याने बघणाऱ्याच्या हातून मुदत निघून जाते. हरकत ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याकडे, लेखी द्या आणि पोच घ्या. मग नोंद विवादग्रस्त म्हणून मंडळ अधिकाऱ्याकडे सुनावणीला जाते. तोंडी सांगितलेलं कुठेच नोंदलं जात नाही.

भूनकाशा, म्हणजे गटांचा ऑनलाइन नकाशा, दिशा कळण्यापुरता ठीक. पोटहिस्से मोजलेले नसतील तर सातबाऱ्यावर 12/1, 12/2, 12/3 आणि नकाशात नुसता 12, हे सर्रास आढळतं. त्यावरून कुंपण गायरानात आलं की नाही हे ठरवू नका. त्यासाठी भूमी अभिलेखची मोजणी आणि तिची ‘क’ प्रत (मोजणीचा नकाशा) लागते, आणि गायरानाची मोजणी तहसीलदारांनी किंवा ग्रामपंचायतीने मागवावी लागते.

विकास आराखड्यातलं उद्यानाचं, शाळेचं आरक्षण सातबाऱ्यावर सहसा दिसत नाही. कोरा सातबारा म्हणजे मोकळी जमीन, हा समज इथेच फसतो. आराखड्यात त्या गटावर काय दाखवलं आहे हे सांगणारा झोन दाखला आणि भाग नकाशा नियोजन प्राधिकरणाकडून (महापालिका किंवा तशीच संस्था) वेगळा घ्यावा लागतो. खासगी जमिनीवरचं आरक्षण 10 वर्षं संपादनाविना पडून राहिलं तर मालक नगररचना कायद्याच्या कलम 127 खाली नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर 24 महिन्यांत प्राधिकरणाने पावलं उचलली नाहीत तर आरक्षण संपतं. बागेची जागा अशीही जाते, म्हणून आराखड्याची तारीख जवळ लिहून ठेवा.

सातबाऱ्यावर ‘गुरचरण’ आणि जागेवर पत्र्याच्या शेडची रांग, हे या सेवेतून कधीच कळणार नाही. अतिक्रमणाची नोंद गाव नमुना 1-इ मध्ये असते. तो आणि 1-ब दोन्ही तहसील कार्यालयाकडून माहिती अधिकारात मागवा: अर्जाला 10 रुपये, प्रतीला पानामागे 2 रुपये. अर्जात गावाचं नाव, गट नंबर, नमुन्याचं नाव आणि कोणत्या वर्षापासूनची नोंद हवी ते नेमकं लिहा. ‘गावातील अतिक्रमणांची माहिती द्यावी’ एवढंच लिहिलेला अर्ज मोघम म्हणून परत येतो.