वादळाआधीच्या शुक्रवारी विकलेला बोटीचा विमा

तौक्ते वादळात आमची बोट खाडीत बसली. तो दर्याचा मामला, त्याबद्दल कोणाकडे तक्रार करणार? पण त्याच बोटीच्या विम्याचा हप्ता आम्ही एप्रिल संपायच्या आत रोख मोजून दिला होता आणि तो कंपनीत भरला गेला १८ मे २०२१ ला, वादळ आम्हाला झोडपून गुजरातेत शिरल्यावर. मधल्या काळात ते पैसे एका माणसाच्या खिशात होते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या बंदरावर असे आम्ही एकटे नाही. त्या माणसाचं आणि कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, प्रकरण पोलिसांत आहे. पद्धत मात्र सगळी लिहितो, कारण माणूस बदलला तरी पद्धत तीच राहते.

आमच्याकडे बोटीचा विमा उतरवला जातो तो बँकेच्या कर्जापायी. कर्ज फिटलं की विमाही सुटतो. कर्ज चालू असतं तेव्हासुद्धा पॉलिसीत काय लिहिलंय हे बोटमालकाला ठाऊक नसतं, कारण कागद इंग्रजीत आणि मूळ प्रत बँकेच्या कपाटात. आमचं कर्ज फिटलं होतं. पण तौक्तेच्या आदल्या वर्षी, ३ जून २०२० ला, निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात घुसलं आणि दापोली-मंडणगडपर्यंत माडा-पोफळीच्या बागा झोपल्या. ते बघून आल्यावर बाबा म्हणाले, विमा सोडायचा नाही. त्यांच्या डोक्यात नोव्हेंबर २००९ चं फयान वादळसुद्धा अजून ताजं होतं.

हा विमावाला बंदरावर सगळ्यांच्या ओळखीचा. एजन्सी बायकोच्या नावावर, धंदा हा करतो. डिझेल परताव्याचे फॉर्म, परवान्याचं नूतनीकरण, मच्छीमार सोसायटीची कामं, सगळ्यात याचा पाय. बोलायला गोड, आजाऱ्याला भेटायला येणारा. आमची जुनी पॉलिसी ३० एप्रिलला संपत होती. त्याच्या आधी तो घरी आला. अठरा लाखांचा विमा, जीएसटीसकट हप्ता शेहेचाळीस हजारांच्या घरात. म्हणाला, "भाऊ, अडीच हजार मी माझ्या कमिशनमधले सोडतो. फक्त रोख द्या. लॉकडाऊनमुळे चेक वटायला उशीर लागतो."

इथेच थांबून सांगतो. विमा कायदा १९३८, कलम ४१. एजंटने कमिशनमधली सूट गिऱ्हाइकाला देणं बेकायदा आहे, आणि ती घेणंही. ही सूट म्हणजे उपकार वाटतो, पण ती दिली जाते तुम्ही चेक फाडू नये म्हणून. चेक कंपनीच्या नावाने निघाला असता तर याच्या हातात काय उरलं असतं? रोखीच्या बदल्यात त्याने पावती दिली. वर कंपनीचं बोधचिन्ह, खाली त्याची सही, मधे हाताने लिहिलेला 'कव्हर नोट' नंबर, म्हणजे पॉलिसी येईपर्यंतच्या तात्पुरत्या विम्याचा. "पॉलिसी आठवड्याभरात व्हॉट्सअ‍ॅपला टाकतो." मग ऑफिसात निम्मी माणसं, मग सर्व्हर डाऊन, मग कोणीतरी पॉझिटिव्ह. २०२१ च्या मे महिन्यात यातलं काहीही खरं असू शकत होतं.

१४ मेला शुक्रवार होता. अक्षय्य तृतीया आणि ईद एकाच दिवशी आलेली. वेधशाळेचा इशारा आदल्या दिवसांपासूनच होता, मत्स्य खात्याचे मेसेज येत होते, बाहेर गेलेल्या बोटी वायरलेसवर बोलावून घेतल्या जात होत्या. मासेमारी बंदीला, म्हणजे १ जूनला, पंधरवडा उरलेला, त्यामुळे शेवटच्या फेऱ्यांवर बरेच जण बाहेर होते. आणि अशा धांदलीत हा गृहस्थ मोटारसायकलवरून येऊन लिलावाच्या शेडखाली पावतीपुस्तक उघडून बसला. "तातडीचा विमा. आज पैसे, आजपासून जोखीम कंपनीची." ज्यांनी कधी विमा उतरवला नव्हता त्यांनीही दिले. एका चाचांनी ईदसाठी बाजूला ठेवलेले पैसे आणून दिले, ते मी समोर उभा राहून पाहिलं.

आता हिशेब लावा. शुक्रवारी सुट्टी. शनिवार-रविवारी सरकारी विमा कंपन्यांची ऑफिसं बंद. म्हणजे सोमवारपर्यंत तो पैसा कंपनीत जाण्याची वाटच नव्हती. विमा कायद्याचंच कलम ६४ व्हीबी सांगतं की हप्ता आगाऊ मिळाल्याशिवाय कंपनीने जोखीम उचलायचीच नाही. एजंटने हप्ता घेतला असेल तर बँकेच्या सुट्ट्या वगळून चोवीस तासांत तो कंपनीकडे पूर्ण पोचता करायचा, स्वतःचं कमिशन न कापता. शिवाय वादळाची नोंद झाल्यावर त्या किनाऱ्यावरचा नवा धोका कंपन्या सहसा घेतच नाहीत, आणि बोट न बघता तर नाहीच. हे त्याला ठाऊक होतं. पण त्याचा सट्टा साधा होता. वादळ बाहेरून निघून गेलं तर नुकसान नाही, दावा नाही, पैसे आपलेच. वादळ आलंच तर बघू.

आम्ही तोवर बोटीच्या मागे. मोकळ्या जेटीवर ठेवण्यात अर्थ नव्हता, आसऱ्याला आलेल्या परक्या बोटींनी ती आधीच गच्च झाली होती. भरती बघून बोट खाडीत आत घेतली, कांदळवनाच्या आडोशाला. पुढे दोन नांगर, मागे एक, आणि एक जाड दोर किनाऱ्यावरच्या झाडाला. दोर ताणून बांधायचा नाही, भरतीच्या फुगवट्याला सैल सोडायचा, नाहीतर पाणी चढलं की दोर तरी तुटतो नाहीतर कडी तरी उपटते. दोन्ही अंगांना टायर. जाळी, बॅटऱ्या, जीपीएस, फिशफाइंडर, वायरलेस संच, शीतपेटीची झाकणं, सगळं उतरवून घरी. खलाशांना बोटीवर झोपू दिलं नाही. यावर बाबांचं आणि तांडेलाचं, म्हणजे बोट हाकणाऱ्याचं, भांडण झालं, कारण कोणी वर असेल तर रात्री दोर सैल-घट्ट करता येतो. पण बाबा ऐकेनात, आणि बरं झालं. माझ्या चुलतभावाने सगळ्याचे मोबाइलवर फोटो काढले, नांगर, गाठी, इंजिनाचा नंबर. तेव्हा त्याला सगळे हसले. पुढे पंचनाम्याला आणि पोलिसांत तेच फोटो कामाला आले.

रविवारी, १६ तारखेला, वादळ आमच्या बाहेरून वर सरकलं. आमचे नांगर टिकले. वरच्या अंगाला बांधलेल्या एका मोठ्या ट्रॉलरचा दोर तुटला आणि ती आडवी येऊन आमच्या बोटीवर बसली. डाव्या बाजूच्या फळ्या फुटल्या. ओहोटीला बोट चिखलात कलंडली, पुढच्या भरतीला इंजिन पाण्याखाली गेलं.

सकाळी पहिला फोन विमावाल्याला. उचलला. "काही काळजी नको, क्लेम मी कळवतो. तुम्ही कंपनीला फोन करू नका, दोन-दोन नोंदी झाल्या तर फाइल अडकते." हे वाक्य लक्षात ठेवा. खरा एजंट कधीही तुम्हाला कंपनीपासून लांब ठेवणार नाही. पॉलिसीत लिहिलेलंच असतं की नुकसान झाल्याबरोबर मालकाने स्वतः कळवायचं.

दोन-तीन दिवसांनी तो एका माणसाला घेऊन आला. तोंडावर मास्क, हातात मेजरिंग टेप. "सर्व्हेअर साहेब." साहेबांनी फोटो काढले, वहीत काहीतरी लिहिलं आणि बाजूला जाऊन विमावाल्याशी बोलले. मग मागणी आली, सर्व्हेची फी पंधरा हजार, रोख. बाबांनी दिले. सर्व्हेअर कंपनी नेमते आणि त्याची फी कंपनीच देते. त्याला विमा नियामकाचा, आयआरडीएआयचा, परवाना क्रमांक असतो आणि तो मागितल्यावर खऱ्या सर्व्हेअरला राग येत नाही. हा साहेब कोण होता ते आजपर्यंत कळलेलं नाही. पोलिसांत मी त्याच्या गाडीचा नंबर दिलाय.

आणि मग ती पॉलिसी आली. व्हॉट्सअ‍ॅपवर, पण पीडीएफ नव्हे, छापील कागदाचा फोटो. किंचित तिरका, कडेला टेबलावरचा चहाचा डाग दिसतोय. कालावधी: १ मे २०२१ ते ३० एप्रिल २०२२. सगळं बरोबर. चुलतबहीण कॉलेजात शिकते, तिने फोटो मोठा करून पाहिला. कालावधीच्या ओळीतले आकडे बाकीच्या मजकुरापेक्षा जरा ठळक आणि अर्धा केस वर सरकलेले. आणि अगदी तळाला, जिथे अधिकाऱ्याची डिजिटल सही असते, तिथे बारीक अक्षरांत तारीख आणि वेळ: १८ मे, दुपारी चार वाजून काही मिनिटं. वरची तारीख बदलताना खालची राहून गेली होती.

तिनेच कंपनीच्या वेबसाइटवरून नंबर काढून फोन लावला. पलीकडच्या बाईंनी पॉलिसी नंबर विचारला आणि शांतपणे सांगितलं की ही पॉलिसी १८ मेपासून सुरू आहे आणि तिच्यावर कोणताही दावा नोंदलेला नाही. म्हणजे वादळ गेल्यावर, बोट बुडालेली बघून, घाबरून त्याने आमचा हप्ता भरला होता. आमच्याजवळ वर्षभराची अस्सल पॉलिसी होती, चिखलात पडलेल्या बोटीची.

त्याला विचारलं तेव्हा तो गडबडला नाही. मला वाटतं या सगळ्यातला सर्वांत वाईट भाग हाच. तो म्हणाला, "सोपं आहे. क्लेम फॉर्मवर तारीख १९ टाकू. बोट दोर तुटून १९ला आपटली म्हणायचं. वारा तेव्हाही होताच. सही करा, बाकीचं मी बघतो." फॉर्म कोरा, खाली फुली मारलेली जागा. साडेसहा लाखांचं दुरुस्तीचं काम समोर दिसत असताना ही ऑफर येते. तलाठी आणि मत्स्य परवाना अधिकाऱ्यांच्या पंचनाम्यात १६ मे लिहिलेलं होतं, सगळं बंदर साक्षीला होतं. सही केली असती तर त्या क्षणी त्याची फसवणूक आमची झाली असती आणि तो सुटला असता. दावा खोटा म्हणून फेटाळला की मग तक्रार करायला तोंड कुठे राहतं? बंदरावरच्या एकाने सही केली. तो आता याच्याविरुद्ध एक शब्द बोलत नाही.

पुढचं थोडक्यात. जूनमध्ये निर्बंध सैल झाल्यावर शाखेत गेलो, लेखी तक्रार दिली. उत्तर आलं की जोखीम १८ मेपासून, त्याआधीच्या नुकसानीला कंपनी बांधील नाही. पावतीपुस्तक कंपनीचं नव्हतंच, बाहेर छापलेलं होतं. विमा लोकपालाकडे अर्ज केला. तिथे फी नाही, वकील लागत नाही आणि कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एक वर्षाच्या आत जावं लागतं. तिथेही दावा मिळाला नाही, कारण हप्त्याची तारीख हीच सगळ्याची किल्ली. आपल्याकडे बँकेतून गेलेल्या पैशाची नोंद असती तर तीच बोलली असती. सोसायटीने बैठकीत बोलावल्यावर सर्व्हेचे पंधरा हजार त्याने मुकाट परत केले. शुक्रवारच्या पावत्यांचे पैसे काहींना मिळाले, काहींना हप्त्याहप्त्याने. त्या चाचांना अजून निम्मे यायचे आहेत.

सरकारी मदतीवर कोणी विसंबू नये. त्या वेळच्या केंद्राच्या निकषात पूर्ण नष्ट झालेल्या बोटीला ९,६०० रुपये आणि दुरुस्तीला ४,१०० रुपये होते. राज्याने वर कितीही घातले तरी एवढ्यात इंजिन उघडायचा खर्चही निघत नाही. म्हणून विमा नको असं मी म्हणत नाही, उलट आमच्या बोटीला आजही आहे. आता तो मार्चमध्येच होतो, पैसे बँकेतून थेट कंपनीच्या खात्यावर जातात आणि पॉलिसी कंपनीच्या ईमेलवरून येते. ती आल्यावर बहीण एक गोष्ट आधी बघते, विमा 'टोटल लॉस'चाच, म्हणजे बोट पूर्ण गेली तरच पैसे देणारा, आहे की आमच्यासारख्या अर्ध्या नुकसानीचाही. निव्वळ टोटल लॉसचा स्वस्त पडतो, पण फळ्या फुटल्या आणि इंजिन भिजलं तर त्यात काही मिळत नाही. जाळी बहुधा वेगळी लिहून घ्यावी लागतात. परवाना आणि नोंदणी चालू नसेल तर दावा तिथेच अडतो.

यंदा एप्रिलमध्ये हाच गृहस्थ पलीकडच्या बंदरावर दिसला. एजन्सी आता दुसऱ्या नातेवाइकाच्या नावावर आहे असं ऐकतो. तुमच्याकडे कोणी रोख घेऊन हाताने लिहिलेली पावती देऊन गेला असेल तर त्याला फोन करू नका. कंपनीच्या वेबसाइटवरचा नंबर घ्या आणि तिथे तीनच गोष्टी विचारा: माझ्या बोटीच्या नोंदणी क्रमांकावर पॉलिसी आहे का, हप्ता कोणत्या तारखेला जमा झाला, जोखीम कधीपासून सुरू. उत्तर टाळलं गेलं तर आयआरडीएआयचा १५५२५५ हा नंबर आहे, तिथे तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. हे बंदरावर वादळाचा बावटा लागायच्या आधी करा. त्या दिवशी फोन लागत नाहीत.