काखेतली गाठ विरघळवणारी पुडी : लातूर साईडच्या लोकांनी वाचा

औसा, निलंगा, उमरगा भागात सध्या एक जण फिरायलाय. लॉजवर खोली घेतो, महिन्यातून एकदा येतो, 'बिना ऑपरेशन गाठ विरघळवा' असे पोस्टर बसस्टँडजवळ चिकटवतो. आमच्या दादाला त्यानं कसं गुंडाळलं ते सांगतो.

दादाच्या उजव्या काखेत सुपारीएवढी गाठ आली. गावातल्या डॉक्टरनं बघितलं, म्हणले हाताला काही लागलंय का, तर बोटात बाभळीचा काटा मोडलेला होताच, म्हणून गोळ्या दिल्या आणि सांगितलं की दोन-तीन आठवड्यांत कमी नाही झाली तर लातूरला दाखवा. डॉक्टरचं बरोबरच होतं, हाताला जखम, फोड, काखेत वस्तरा लागणं, दंडावर लस घेणं, यानं गाठ सुजते, दुखते आणि आपोआप बसते. दादाची बसली नाही. दुखत पण नव्हती, म्हणून त्याला वाटायचं दुखत नाही म्हणजे साधी असंल. तेवढ्यात सोयाबीनची रास आली आणि कुणीतरी त्या लॉजवाल्याचा पत्ता दिला.

त्यानं गाठ चाचपली, डोळे मिटले, म्हणला "वाताची गाठ हाय, पण सुई लावू नका, सुई टोचली की पेटते आन् अंगभर पसरते." बघा, धंद्याची गोम इथंच आहे. माणूस एकदा सुईला भिला की तपासणीला जात नाही, आणि तपासणी नाही झाली की याचं खोटं उघडं पडत नाही. पहिल्या पुडीचे साडेसहा हजार, लेपाचे वेगळे. बिल मागितलं तर "जडीबुटीचं बिल नसतंय मालक".

आता ऐका, पुडीनं गाठ खरंच कमी झाली! भूक लई वाढली, चेहरा भरला, वहिनी म्हणाल्या रंग आला. आईनं तर तुळजापूरला नारळ फोडला. दादानंच मग चार जणांना त्याचा पत्ता दिला, तो माणूस असाच वाढतो. नंतर गाठ परत आली ती पहिल्यापेक्षा मोठी, टणक, हलंना, मानेत अजून दोन दिसायला लागल्या, संध्याकाळी कणकण आणि रात्री घामानं बनियन पिळून निघायचं. लॉजवाला म्हणला "घाण बाहेर पडायलीय, डोस डबल करा."

बार्शीला कॅन्सर हॉस्पिटलला नेलं. तिथल्या डॉक्टरनं गाठ नंतर बघितली, आधी विचारलं कसली पुडी खाताय. असल्या पुड्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड मिसळलेलं असतंय म्हणले, भूक, सुजलेला गोल चेहरा, वाढलेली साखर (दादाला शुगर कधीच नव्हती) सगळं त्याच्याशी जुळत होतं. काही गाठी स्टेरॉइडनं थोडे दिवस आकसतात, रोग तिथंच राहतो, वरून बायोप्सीचा (गाठीचा तुकडा काढून तपासतात त्याचा) रिपोर्ट पण नीट येत नाही. आणि टीबीची गाठ असंल तर अशा पुडीनं टीबी भडकतो. एक गोष्ट मला माहीतच नव्हती, लई दिवस खाल्लेली पुडी एकदम बंद पण करायची नसते, चक्कर येते, बीपी पडतंय, म्हणून पुडी सोबत घेऊन जा आणि डॉक्टरला दाखवून त्यांच्या सांगण्यानं कमी करा.

गाठ काढून तपासली तर लिम्फोमा, म्हणजे गाठींचाच कॅन्सर. सुईनं पसरतो का हे मी तिथं तोंडावर विचारलं, डॉक्टर म्हणले त्या भीतीनं तपासणी टाळू नका, नुकसान होतंय ते उशिरानं.

तर गाठ दोन सेंटीमीटरपेक्षा मोठी असंल, दगडासारखी टणक, हलत नसंल, महिनाभर झाला तरी तशीच किंवा वाढत असंल, मानेत, गळपट्टीच्या हाडावर, जांघेतही गाठी असतील, ताप, रात्रीचा घाम किंवा सहा महिन्यांत सत्तर किलोचा माणूस त्रेसष्टवर आला असंल, तर थांबू नका. बायकांनी तर काखेत गाठ लागली की स्तनाची तपासणी करूनच घ्यावी, लाजून कुणाला न सांगता लेप लावत बसू नका. लातूरच्या आणि अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकल कॉलेजात दाखवता येतंय, संभाजीनगरला सरकारी कॅन्सर हॉस्पिटल आहे. दादाच्या केमोचा खर्च महात्मा फुले योजनेतून चाललाय, रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेच्या आरोग्यमित्राला भेटायचं.

कॅन्सर, ट्यूमर बरा करतो अशी जाहिरात करायला 1954 च्या कायद्यानंच बंदी आहे. लॉजवाल्याचा फोन बंद लागतोय. पोस्टरचा फोटो आणि उरलेल्या दोन पुड्या आम्ही ठेवल्यात, अन्न व औषध प्रशासनाकडं तक्रार द्यायलोत. तुमच्या घरी त्याची पुडी, डबी, फोनपेची नोंद असंल तर फेकू नका, तुमच्या जिल्ह्यातून पण तक्रार द्या.