रामबागेजवळचे पाळणाघर : ४ महिन्यांचा अनुभव

इंदूरमध्ये रामबागेजवळच्या ज्या पाळणाघरात आमची १४ महिन्यांची नात जाते, तिथे प्रत्येक बाळाला एकच ठरलेली ताई सांभाळते, आणि माझ्या मते हेच त्याचे खरे मोल आहे. सुरुवातीचे २ आठवडे सूनबाईंना रोज तासभर तिथे बसू दिले. बाळाची नजर चुकवून न जाता त्याला सांगूनच निघावे, असेही आग्रहाने सांगितले. नात सकाळी रडते म्हणून मी अस्वस्थ होत असे. परंतु मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांच्या अनुबंध सिद्धांतावर (म्हणजे बाळाचे त्याला सांभाळणाऱ्या व्यक्तीशी जुळणारे भावनिक नाते समजावणाऱ्या विचारावर) पुढे काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी साधारण वर्षाच्या मुलांचे निरीक्षण करताना, आई गेल्यावरच्या रडण्यापेक्षा ती परतल्यावर मूल कसे वागते याला अधिक महत्त्व दिले होते. आमची नात संध्याकाळी आईच्या कुशीत शिरते, शांत होते आणि पुन्हा खेळण्याकडे वळते. या वयातला विश्वास पुढच्या नात्यांना दिशा देतो, जरी तो आयुष्यभराचे विधिलिखित नसला तरी. जागा स्वच्छ असून वरण-भात मऊ असतो. मात्र ठरलेली ताई आठवडाभर रजेवर गेली तेव्हा आम्हाला कळवले नाही, आणि नात त्या दिवसांत नीट जेवली नाही. पर्यायी ताईची ओळख आधीपासून करून द्यावी, अशी विनंती आम्ही केली आहे.