लिगामेंटची शस्त्रक्रिया आणि त्यानंतरचे अकरा महिने: पुण्यातील एका रुग्णालयाच्या सेवेविषयी

माझी थोरली मुलगी कराडच्या एका महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे आणि तेथील कबड्डी संघात चढाई करते. गेल्या वर्षीच्या जानेवारीत आंतरमहाविद्यालयीन सामन्यात गडी बाद करून मध्यरेषेकडे वळताना तिच्या डाव्या पायाचा बूट मॅटला धरला गेला, पाऊल जागीच राहिले आणि अंग मात्र फिरले. त्या क्षणी तिला कोणी स्पर्शही केलेला नव्हता. गुडघ्यात ‘टक्’ असा आवाज झाल्याचे तिने स्वतः ऐकले आणि दोन तासांत गुडघा सुजून टम्म झाला. त्या गुडघ्यावर पुण्यातील ज्या रुग्णालयात उपचार झाले, त्याच्या सेवेचा हा आढावा आहे. काही बाबतींतील तक्रारी मी त्यांच्याकडे लेखी दिल्या असून त्यांचे उत्तर अद्याप यायचे आहे, म्हणून येथे रुग्णालयाचे नाव देत नाही. तरीही अशा शस्त्रक्रियेच्या वेळी काय विचारावे आणि काय तपासून पाहावे, हे इतर पालकांना कळावे असे मला मनापासून वाटते.

पुण्याला जाण्यापूर्वी दोन चुका झाल्या. पहिली आमची स्वतःची. नातलगांच्या आग्रहास्तव आम्ही तिला हाडवैद्याकडे नेले आणि आठ दिवस लेप लावून, चोळून घेतले. आतमध्ये रक्त साचलेला गुडघा चोळायचा नसतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. त्यानंतर जवळच्या शहरातील एका रुग्णालयात एमआरआय काढला. त्यात पुढचा क्रूसिएट लिगामेंट, म्हणजे गुडघ्यातील दोन हाडांना जोडणारा, ज्याला सगळे एसीएल म्हणतात तो पट्टा, पूर्ण तुटल्याचे आणि आतल्या बाजूच्या गादीला (मेनिस्कस, म्हणजे दोन हाडांमधील कूर्चेची चकती) मागील टोकाशी चीर गेल्याचे दिसले. दुसरी चूक तेथील डॉक्टरांची. अहवाल हाती येताच त्यांनी येत्या सोमवारी भरती व्हा, असे सांगितले. त्या वेळी मुलीचा गुडघा धड सरळ होत नव्हता की काटकोनात वाकत नव्हता. नवा लिगामेंट कशाचा तयार करणार, या माझ्या प्रश्नावर ‘ते आम्ही आत गेल्यावर बघू’ एवढेच उत्तर मिळाले. आम्ही तेथून फाईल घेऊन बाहेर पडलो.

पुण्यातील शल्यचिकित्सकांनी एमआरआयची फिल्म बाजूला ठेवून आधी तिचा उजवा, म्हणजे चांगला गुडघा तपासला. गुडघा थोडासा वाकवून एका हाताने मांडी धरायची, दुसऱ्या हाताने नडगीचे हाड पुढे ओढायचे आणि ते कोठे थांबते ते पाहायचे, अशी ती लॅकमन नावाची तपासणी आहे. उजव्या गुडघ्यात हाड ओढताच कोणीतरी दोरी ताणून धरल्यासारखे थांबत होते, तर डाव्या गुडघ्यात ते सरकतच होते. हा फरक त्यांनी मला जवळ बोलावून दाखवला. मांडीच्या हाडाखालून नडगीचे हाड पुढे निसटू नये आणि वळताना गुडघा फिरू नये, यासाठी जेमतेम सव्वातीन सेंटिमीटर लांबीचा हा पट्टा असतो, असे त्यांनी हाडांच्या नमुन्यावर समजावले. तुटलेली टोके सहसा आपोआप का जुळत नाहीत, हेही सांगितले. सांध्यातील द्रव सतत वाहत असल्यामुळे त्या टोकांमध्ये रक्ताची गाठ टिकत नाही, आणि गाठ टिकली नाही तर भरून यायला आधारच उरत नाही.

माझा विश्वास बसला तो त्यांच्या पुढच्या बोलण्यामुळे. एसीएल तुटला म्हणजे प्रत्येकाला शस्त्रक्रिया करावीच लागते असे नाही, हे त्यांनी आम्ही न विचारता सांगितले. स्वीडनमध्ये १२१ तरुण, हालते-खेळते रुग्ण घेऊन केलेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात एका गटाची लवकर शस्त्रक्रिया केली आणि दुसऱ्या गटाला आधी फक्त व्यायाम देऊन, गरज भासली तरच पुढे शस्त्रक्रियेची मुभा ठेवली. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या गुडघ्यांच्या स्थितीत म्हणावा असा फरक आढळला नाही आणि दुसऱ्या गटातील साधारण साठ टक्के लोकांना तोपर्यंत शस्त्रक्रिया लागलीच नव्हती. सरळ चालणाऱ्या, पोहणाऱ्या किंवा सायकल चालवणाऱ्या माणसाने आधी तीन महिने व्यायाम करून पाहावा असे आपण सांगतो, पण हिला पुन्हा वळणावळणाचा खेळ खेळायचा आहे, शिवाय गादीची चीर बाहेरच्या, रक्तपुरवठा असलेल्या कडेला असल्याने शिवता येण्याजोगी आहे, म्हणून हिच्या बाबतीत शस्त्रक्रियेच्या बाजूने कौल देतो, असे त्यांचे म्हणणे होते. शस्त्रक्रिया करूनच ज्यांचे रुग्णालय चालते, त्यांनी शस्त्रक्रियेविरुद्धचा पुरावा आधी समोर ठेवावा, याला मी फार मोठी गोष्ट मानते.

आणि तरीही त्यांनी तारीख दिली नाही. सुजलेल्या, आखडलेल्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया केली तर तो पुढे कायमचा आखडण्याचा धोका वाढतो, म्हणून सूज उतरून गुडघा पूर्ण सरळ होईपर्यंत आणि मांडीच्या स्नायूत जोर येईपर्यंत थांबायचे होते. चिरलेली गादी सांध्यात अडकून गुडघा खरोखरच कुलूपबंद झाला असता तर मात्र आपण थांबलो नसतो, असेही त्यांनी स्पष्ट केले. ते पाच आठवडे तिने घरी टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबणे, पाय सरळ ठेवून उचलणे आणि जाग्यावरची सायकल चालवणे, एवढेच केले. घरातील वडीलधाऱ्यांना हा वेळेचा अपव्यय वाटत होता. मार्चच्या मध्यात ती शस्त्रक्रियेसाठी स्वतःच्या पायांनी, न लंगडता चालत गेली.

नवा लिगामेंट कशाचा करायचा, यावर आमच्याशी अर्धा तास बोलणे झाले. गुडघ्याच्या वाटीखालची कंडरा (दोरीसारखा चिवट पट्टा) दोन्ही टोकांच्या हाडासकट काढली तर ती हाडात पाडलेल्या बोगद्यात लवकर धरते, पण पुढे गुडघे टेकून बसताना दुखण्याची शक्यता असते. मांडीच्या मागील बाजूच्या दोन कंडरा काढल्या तर तो त्रास कमी, मात्र त्या बाजूच्या स्नायूची ताकद परत मिळवायला अधिक कष्ट. घोट्याजवळच्या कंडरेचाही पर्याय त्यांनी सांगितला. जमिनीवर बसण्या-उठण्याची आपली सवय, तिच्या खेळातील वाकून उभे राहणे आणि तिचे स्वतःचे मत, हे सगळे विचारात घेऊन मांडीमागच्या कंडरांची निवड झाली. त्या कंडरांची घडी ८ मिलिमीटरपेक्षा बारीक भरली तर नवा लिगामेंट पुन्हा तुटण्याचे प्रमाण वाढते, म्हणून तसे झाल्यास काय करणार हेही आधीच ठरले होते. प्रत्यक्षात जाडी साडेआठ मिलिमीटर भरली, आणि हा आकडा डिस्चार्ज कार्डावर नोंदवलेला आहे. नवा लिगामेंट धरून ठेवण्यासाठी मांडीच्या हाडावर बसवलेले बटण आणि नडगीच्या हाडातील स्क्रू यांच्या वेष्टनांवरचे स्टिकरही फाईलमध्ये चिकटवून दिले. आपल्या शरीरात काय बसवले आहे, याचा हा पुरावा असतो, तो प्रत्येकाने मागून घ्यावा.

शस्त्रक्रियेविषयी सांगण्यासारखे त्या मानाने थोडे आहे. कमरेखालच्या भागाला भूल दिली होती आणि दुर्बिणीसाठी दोन छोटी छिद्रे व कंडरा काढण्यासाठी नडगीवर एक लहानसा छेद घेऊन पावणेदोन तासांत काम झाले. गादीला टाके घातले. आतील चित्रीकरणाची प्रत आम्हाला पेन ड्राइव्हवर मिळाली आणि नंतर शल्यचिकित्सकांनी ते थांबवत थांबवत मुलीला समजावून दिले. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे या दुर्बिणीविषयी थोडे वाचले होते. १९१८ साली टोकियोत केन्जी ताकागी यांनी मूत्राशय तपासण्याची नळी मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली, तेथून ही विद्या सुरू झाली. पूर्वी फाटलेली गादी सरळ काढून टाकत आणि त्याची किंमत त्या माणसाला पुढे सांध्याच्या झिजेने मोजावी लागे. माझ्या मुलीची गादी शिवली गेली, याचे समाधान मला नव्या लिगामेंटपेक्षा कणभर अधिकच आहे.

आता तक्रारी. पायाची बधिरता उतरल्यावर पहाटे तीन वाजता वेदना असह्य झाल्या. बेल वाजवूनही परिचारिका आली ती चाळीस मिनिटांनी. संपूर्ण मजल्यावर त्या रात्री दोघीच होत्या, त्यामुळे दोष त्यांचा नाही, पण ही वेळ ठराविकच असते आणि गोळी आधी देऊन ठेवणे रुग्णालयाला सहज शक्य होते. डिस्चार्ज रविवारी मिळाला, त्या दिवशी फिजिओथेरपिस्ट नसल्यामुळे वॉकर घेऊन जिना कसा चढायचा हे वॉर्डबॉयने शिकवले. बिल हाती पडायला पाच तास लागले. रुग्णालयाच्या दुकानात घ्यायला लावलेला ब्रेस (गुडघ्याचा आधारपट्टा) बाहेर बाराशे रुपयांनी स्वस्त होता. सर्वांत खटकले ते हे की व्यायामाचा तक्ता केवळ इंग्रजीत होता. साताऱ्या-सांगलीच्या खेड्यांतून येणाऱ्या रुग्णांची संख्या पाहता मराठी तक्ता नसणे अक्षम्य आहे. मी तो मराठीत करून त्यांच्या स्वागतकक्षात दिला आहे. एकूण खर्च सर्वसाधारण कक्षात १ लाख ४८ हजार रुपये आला आणि आधी लिहून दिलेल्या अंदाजापेक्षा तो चार हजारांनीच जास्त होता.

घरी आल्यानंतरच्या सेवेबद्दल मात्र मला भरभरून लिहावेसे वाटते. गादी शिवलेली असल्यामुळे पहिले सहा आठवडे गुडघा काटकोनापलीकडे वाकवायचा नव्हता आणि पूर्ण वजन हळूहळूच टाकायचे होते. रुग्णालयातील फिजिओथेरपिस्टताई दर आठवड्याला व्हिडिओ कॉलवर तपासत आणि कराडमध्ये व्यायाम करून घेणाऱ्या ताईंशी त्या स्वतः बोलत. तिसऱ्या आठवड्यात पाय पूर्ण सरळ व्हायला पाच अंश कमी पडत असल्याचे त्यांनी पडद्यावर हेरले. आम्ही सगळे गुडघा किती वाकतो याकडे डोळे लावून बसलो होतो. सरळ न होणारा गुडघा कमी वाकणाऱ्या गुडघ्यापेक्षा जास्त छळतो, चाल बिघडवतो आणि कधी कधी पुढच्या बाजूला वाढलेली गाठ काढण्यासाठी पुन्हा दुर्बीण घालावी लागते, असे त्यांनी बजावले. दोन आठवड्यांत ते पाच अंश भरून निघाले.

दहाव्या आठवड्यात मुलगी एसटी पकडण्यासाठी धावली. दुखत नाही, सूज नाही, मग काय हरकत आहे, असे तिला वाटले. ताईंनी तिला न रागावता समजावले की बसवलेली कंडरा सुरुवातीला रक्तपुरवठ्यावाचून असते, शरीर तिला आधी पोखरते आणि मग नव्याने विणते, त्यामुळे साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात ती सर्वांत कमकुवत असते. नेमका याच काळात रुग्णाला आपण बरे झालो असे वाटू लागते. एसटी पकडणाऱ्या मुलीला हे वाक्य लागले, आणि तिने ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले.

सप्टेंबरमध्ये सहा महिने पूर्ण झाले, तेव्हा जिल्हा निवड चाचणी तोंडावर होती. यंत्रावर ताकद मोजली तर डावी मांडी उजवीच्या ७४ टक्केच भरली, एका पायावरच्या उड्यांतही अंतर कमी पडले. दोन्हीकडे निदान ९० टक्के हवेत. शल्यचिकित्सकांनी नकार दिला. ऑस्लो आणि डेलावेअर येथील खेळाडूंच्या अभ्यासात, नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणे जितके महिने लांबवले तितके दर महिन्याला पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटलेले दिसले, हे त्यांनी तिला सांगितले. ती खोलीबाहेर येऊन रडली. संध्याकाळी डॉक्टरांनी आपणहून तिच्या प्रशिक्षकांना दूरध्वनी करून सगळे आकडे समजावून दिले, त्यामुळे संघाकडून येणारा दबाव त्याच दिवशी थांबला. बिलात कोठेही न लिहिलेली ही सेवा माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची ठरली.

डिसेंबरअखेर, साडेनऊ महिन्यांनी, ताकद ९१ टक्क्यांवर आली. जानेवारीपासून ती मॅटवर सराव करते आहे, अद्याप पकडीत न उतरता. अशी दुखापत मुलींना मुलांपेक्षा जास्त प्रमाणात होते, म्हणून उडी मारून उतरताना गुडघे आत न वळवण्याचा सराव ताईंनी तिच्याबरोबर संपूर्ण संघाला दोन शनिवार येऊन शिकवला, त्याचे पैसे घेतले नाहीत.

रात्रीची शुश्रूषा आणि बिलाचा कारभार सुधारायला हवा, हे खरे असले तरी घरातील दुसऱ्या कोणाचा गुडघा दुखावला तर मी याच रुग्णालयात जाईन. लांबून येणाऱ्यांनी रविवारचा डिस्चार्ज टाळावा आणि आपल्या गावातील फिजिओथेरपिस्ट शस्त्रक्रियेपूर्वीच ठरवून यावे. वर्षाची तपासणी मार्चच्या मध्यात आहे. डाव्या मांडीचा घेर अजून उजवीपेक्षा एक सेंटिमीटरने कमी भरतो. दर रविवारी ती टेप लावून तो मोजते आणि वहीत लिहिते.