विमानतळावरची सिक्युरिटी: साडेतीन स्टार, आणि बाबांचा अडकित्ता

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू विमान कंपनीचा नाही आणि आतल्या फूड कोर्टचाही नाही (तिथल्या वडापावच्या रेटवर लिहायचं तर वेगळं बसावं लागेल). हा फक्त सिक्युरिटीचा, म्हणजे बाहेरच्या गेटपासून विमानाच्या दारापर्यंतचा. गेल्या महिन्यात आई-बाबांना घेऊन बेंगळुरूला ताईकडे गेलो होतो, विमानतळ महाराष्ट्रातलाच, कुठला ते सांगत नाही. तिकिटात सिक्युरिटी फी वेगळी लावतातच की, मग मार्क द्यायला काय हरकत आहे.

बाबा एसटीत कंडक्टर होते, 31 वर्षं. त्यामुळे कोण कुणाचं काय तपासतंय याकडे त्यांचं बारीक लक्ष असतं, आणि रांगेत उभं राहून कॉमेंट्री चालू.

तर पहिलं गेट. तिकीट आणि आयडी दाखवल्याशिवाय आपल्याकडे टर्मिनलच्या आत पाऊल टाकता येत नाही, बऱ्याच देशांत असं नाहीये, तिथं सोडायला आलेला माणूस थेट चेक-इन काउंटरपर्यंत जातो. माझ्या फोनवर डिजियात्रा होतं, चेहरा दाखवला, गेट उघडलं, झालं. छान चीज आहे, 2022 च्या डिसेंबरात सुरू झालं आणि आता सवयीचं झालंय. पण ते तिकीटवाला माणूस तोच आहे का एवढंच बघतं, त्याच्या डोक्यात काय आहे ते नाही, आणि लोक उगाच त्याला सिक्युरिटी समजतात. आई-बाबा कागदवाल्या रांगेत, अर्धा तास, रस्त्याच्या कडेला, ट्रॉल्या, पोरं, टॅक्सीवाले सगळे एकात एक. एक स्टार मी इथंच कापला. कारण 2016 च्या मार्चमध्ये ब्रसेल्सला स्फोट झाले ते तपासणीच्या आधीच्या हॉलमध्ये, त्याच वर्षी जूनमध्ये इस्तंबूलच्या अतातुर्क विमानतळावर हल्लेखोर आले ते टर्मिनलच्या दारातूनच गोळ्या झाडत. त्यांना विमान नकोच होतं, गर्दी पाहिजे होती. मग आत कडक तपासणी ठेवून बाहेर आपणच फुटपाथवर गर्दी जमवायची याला काय अर्थ आहे?

मग चेक-इन. इथं आईची बॅग परत बोलावली. आईने खोबऱ्याच्या वाट्या भरल्या होत्या, ताईला कांदा-लसूण मसाला करायचा होता ना. सुकं खोबरं म्हणजे तेल, पेट घेणारी वस्तू, चेक-इन बॅगेत चालत नाही. आईचा चेहरा बघण्यासारखा, "आता खोबऱ्याने काय बाँब होतो का रे?" पण मुलगी काउंटरवरची शांतपणे समजावत होती, तिला पूर्ण मार्क.

चेक-इन बॅगेच्या मागे मात्र एक मोठी गोष्ट आहे जी आपण विसरलोय. 23 जून 1985, एअर इंडियाचं कनिष्क, टोरांटो-माँट्रियलहून लंडनमार्गे दिल्लीला येत होतं, आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ हवेत फुटलं, 329 माणसं गेली. व्हँकुव्हरला एकाने बाँबची बॅग चढवली आणि स्वतः चढलाच नाही, बॅग तेवढी पुढच्या विमानात पोचली, आणि टोरांटोला एक्स-रे मशीन नेमकं त्या दिवशी बंद पडलेलं. एवढंच. आता एखादा प्रवासी चढला नाही तर त्याची बॅग शोधून खाली उतरवतात आणि आपलं विमान पाऊण तास लेट होतं, तेव्हा आपण केवढी चिडचिड करतो. मी पण करायचो.

मग ती मेन तपासणी. ट्रेमध्ये पट्टा, फोन, लॅपटॉप, मग दारातून आत, लाकडी चौथऱ्यावर उभं राहा, हात पसरा. सीआयएसएफचे, म्हणजे केंद्राच्या सुरक्षा दलाचे जवान, दिवसभर तेच तेच काम, तरी बोलणं नीट. बायकांना आडोसा, आतली बाई पण आईशी नीट वागली. यांच्यासाठी पूर्ण मार्क. आपल्याकडे हे लोक पूर्वी नव्हते बरं का, विमानतळावर त्या त्या राज्याचे पोलीस असायचे. 2000 च्या फेब्रुवारीत जयपूरपासून सीआयएसएफ आलं, आणि का आलं तर कंदाहारचं विमान अपहरण.

आणि इथंच बाबा अडकले. शर्टाच्या आतल्या बंडीत अडकित्ता. आजोबांचा, पितळी, वर मोर. मशीन वाजलं, जवानाने काढला, हातात फिरवून बघितला. नशीब बघा, पोरगा साताऱ्याकडचा निघाला. "काका, ह्ये वर न्यायचं नसतंय. पातं हाय त्याला." बाबा म्हणाले, अरे सुपारी फोडायचा आहे. तो म्हणाला, "आमच्या आज्याकडंबी हाय." पण दिला नाही! आणि बरोबरच आहे. 11 सप्टेंबर 2001 ला अमेरिकेत चार विमानं ज्यांनी पळवली त्यांच्याकडे बंदुका नव्हत्या, छोटी पाती होती, आणि तेव्हाच्या नियमात चार इंचांपेक्षा लहान पातं चालायचं. परत काउंटरवर जा म्हणाला, पण बॅग कधीच गेली होती आणि बोर्डिंग सुरू.

बाबा पुढे काही बोलले नाहीत, खुर्चीत बसले आणि मग एकदम कंदाहार सुरू केलं. त्यांच्या पिढीला ते तोंडपाठ आहे. 24 डिसेंबर 1999, काठमांडूहून दिल्लीला निघालेलं आयसी 814. हत्यारं काठमांडूच्या विमानतळावरूनच आत गेली. विमान अमृतसरला उतरलं, पाऊण तास तिथं उभं होतं, आपल्या जमिनीवर, आणि दिल्लीत बैठकाच चालू, एनएसजीचे कमांडो पोचायच्या आत उडून गेलं. मग लाहोर, दुबई, कंदाहार. रूपिन कट्याल नावाचा प्रवासी गेला. 31 तारखेला मसूद अझहर, उमर शेख आणि मुश्ताक झरगर या तुरुंगातल्या अतिरेक्यांना सोडावं लागलं. अझहरने बाहेर पडून जैश ही अतिरेकी संघटना काढली, 2019 ला पुलवामाचा हल्ला त्यांनीच केला, 40 जवान. बाबांचं म्हणणं असं की "एका बसमध्ये कंडक्टर झोपला तर पुढचे वीस स्टॉप बिघडतात." आता हे कोणत्या पॉलिसीच्या पुस्तकात असेल का माहीत नाही पण मला पटलं.

मला खरा राग आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा. ही सगळी रांग मागच्या मागच्या हल्ल्यांची आहे. 2001 च्या डिसेंबरात एकाने बुटात स्फोटकं घातली, तर अमेरिकेत सगळ्यांचे बूट निघाले ते निघाले, 2025 च्या जुलैत कुठे तो नियम गेला. 2006 ला लंडनमध्ये कोल्ड्रिंकच्या बाटल्यांत स्फोटक न्यायचा कट सापडला, तेव्हापासून हातातल्या बॅगेत पातळ काही न्यायचं तर शंभर मिलीचीच बाटली. कॉकपिटचं दार तर बघाच, 9/11 नंतर बाहेरून उघडता येणार नाही असं मजबूत केलं, आणि 2015 च्या मार्चमध्ये जर्मनविंग्जच्या को-पायलटने तेच दार आतून लावून घेतलं, कॅप्टन बाहेर ठोठावतोय, आणि विमान आल्प्समध्ये घातलं, 150 माणसं. दार एकदम झकास बनवलेलं होतं, पण आत कोण बसलाय ते दाराला कसं कळणार.

आणि आम्ही विमानतळ घट्ट केला तेव्हा अतिरेकी काय गप्प बसले? 2008 ला मुंबईत दहा जण समुद्रातून आले, कुबेर नावाचा मच्छीमार ट्रॉलर पळवून, बधवार पार्कच्या कोळीवाड्याजवळ रबरी बोटीतून उतरले. सीएसटीला तेव्हा कोण कुणाची बॅग बघत होतं? 166 जण गेले. त्यानंतर दहशतवादाचा तपास करणारी एनआयए झाली, मुंबईत एनएसजीचा हब आला, राज्याचं फोर्स वन कमांडो पथक आलं, किनाऱ्यावर बोटींना रंग आणि नंबर आले. मग पहलगाम, 22 एप्रिल 2025, बैसरनच्या कुरणात, घोड्यावरून किंवा चालतच जावं लागतं अशा जागी, तिथं ना दार ना मशीन, 26 जण. आणि लगेच काय झालं तर मे महिन्यात विमानतळांवर विमानात चढताना शिडीपाशी परत एकदा सगळ्यांची तपासणी सुरू! वाईट नाही म्हणत मी, त्या दिवसांत युद्धाचंच वातावरण होतं. पण हल्ला कुरणात आणि बंदोबस्त शिडीवर, हे बाबांनी बघितलं असतं तर काहीतरी खास बोलले असते.

जम्मूच्या हवाई दलाच्या तळावर 2021 च्या जूनमध्ये ड्रोनने स्फोटकं टाकली. पुण्याच्या लोहगावला तर धावपट्टीच हवाई दलाची आहे. त्या ड्रोनला चौथऱ्यावर हात पसरून कोण उभं करणार? आणि ते ऑक्टोबर 2024 आठवा, एक स्फोटक नाही, एक माणूस नाही, नुसते धमकीचे मेसेज, आणि शेकडो विमानांची वाट लागली. मेसेज खोटा असणार हे माहीत असूनही तपासायला लागतं.

तर मार्क. माणसं पाच पैकी पाच. बाहेरची रांग, एक गेला. सूचना आधी न कळवल्याबद्दल अर्धा गेला, खोबरं, अडकित्ता वगैरे तिकिटाच्या मेसेजमध्ये दोन ओळींत मराठीत लिहायला कुणाचं काय जातं, बॅन वस्तूंचे फोटो लावलेत पण ते बॅग बांधून झाल्यावर दिसतात. म्हणून साडेतीन.

म्हातारे आई-बाबा नेणार असाल तर बंडीचे खिसे घरीच चेक करा, खरंच. अडकित्ता त्या ट्रेमध्येच राहिला. विमानात बसल्यावर बाबांनी पानाची डबी उघडली, अख्खी सुपारी हातात घेतली, थोडा वेळ बघितली आणि परत डबीत ठेवली.